पाहणी बाकी

सारजाबाईंनी चपला काढून दाराशी ठेवल्या, तसा शिपाई हसला.

"मावशी, घाला पायात. देऊळ नाय हे."

"धूळ लागलीय त्यांना."

"आतल्या फायलींवर त्याहून जास्त हाय. जा, मॅडमनं नाव पुकारलं."

त्या तशाच अनवाणी आत गेल्या. झोन कार्यालयातली ही त्यांची तिसरी खेप होती. पहिल्या वेळी मॅडम निवडणुकीच्या कामावर होत्या, दुसऱ्या वेळी संगणक बंद होता. आज मॅडमही होत्या आणि संगणकही चालू होता. पंखा मात्र बंद होता.

घरपट्टीच्या हरकती ऐकायला नेमलेल्या अनिसा मॅडम टेबलावरचे कागद पेपरवेटखाली सारत होत्या. त्यांनी मान वर न करता खुर्ची दाखवली.

"हरकत काय तुमची? थोडक्यात सांगा."

"घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू लिवलाय. भाडेकरू नाय. पोरगा हाय माझा."

मॅडमनी पडद्याकडं पाहिलं. "मुकुंदवाडी. दुमजली. जिना बाहेरून आहे?"

"व्हय."

"विजेचं मीटर वेगळं?"

"वेगळं घेतलं त्यानं."

"स्वयंपाकघर?"

सारजाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"दोन हायेत."

"मग बिऱ्हाडं दोन झाली." मॅडमच्या आवाजात चीड नव्हती. सकाळपासून हेच वाक्य त्यांनी बऱ्याच जणांना सांगितलं असावं. "आम्हाला दिसतं ते लिहावं लागतं, सारजाबाई. इथं आल्यावर सगळ्यांचेच भाडेकरू भाचे होतात."

"भाच्यांचं मला ठाव नाय. हा माझा हाय."

"सर्वेक्षणाला माणूस आला तेव्हा घरी होतात?"

"गंगापूरला गेले होते, भावाकडं."

"तेच. माहिती वरच्या मजल्यावरून घेतलेली आहे. सुदर्शन म्हणून कोणी आहेत. 'घराची मालकीण खाली राहते, कराचं त्यांना विचारा.' त्यांनी सांगितलं तसा शेरा आहे."

बाहेर कुणीतरी शिपायाशी रांगेवरून भांडत होतं.

"असं म्हणला?" सारजाबाईंनी विचारलं.

"लिहिलंय तसं. वाढीव पट्टी भरणं अवघड आहे का तुम्हाला?"

"अवघडच हाय. पण ते मी कसंबी करीन. मॅडम, तुम्ही तेवढा भाडेकरू शब्द खोडा. ह्यांनी तो मजला पोराच्या लग्नासाठी बांधला. एसटीच्या वर्कशॉपातून आले की अंगावरचे कपडे न बदलता भिंतींना पाणी मारायचे. भाडेकरूसाठी कुणी एवढं करतं व्हय?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा अचानक वयस्कर दिसला.

"खोडायला मला कारण लागतं. पाहणी लावते. आमचे इलियासभाई येऊन बघतील. चूल एक असली तर बिऱ्हाड एक. दोन दिसल्या तर हे कायम राहील."

"कधी येतील?"

"येतील. माणसं कमी आहेत आमच्याकडं."

बाहेर बाकावर तात्यासाहेब बसले होते. गंगापूरकडचे शेतकरी, शहरात दोन घरं, आणि दोन्हींच्या हरकती चालू. मागच्या दोन खेपांत त्यांची आणि सारजाबाईंची ओळख झाली होती. माहेरच्या बाजूचा माणूस म्हणून त्या त्यांच्याशी मोकळं बोलत.

"काय म्हणली बाई?"

"माणूस येऊन बघणार हाय. चूल एक पायजे म्हणती."

"मग त्यात काय? वरची शेगडी उचला आन् तुमच्या पलंगाखाली सरकवा. वर ओटा मोकळा. आमच्या गल्लीत पाहणी लागली की निम्म्या शेगड्या पलंगाखाली असत्यात."

"आन् जेवायचं?"

"जेवतील की चार दिस खाली. पोटचं पोर हाय ना?"

सारजाबाई चपला घालायला वाकल्या. चपलेचा अंगठा एरवी लगेच सापडायचा. आज जरा वेळ लागला.

पोराशी, सुदर्शनशी, त्यांचं बोलणं नव्हतं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका संध्याकाळी मोनिका, त्यांची सून, दवाखान्याच्या लॅबमधली ड्यूटी संपवून उशिरा आली आणि उभ्यानंच एकेका भांड्यावरचं झाकण उचलून बघू लागली. सारजाबाईंचे गुडघे त्या दिवशी फार दुखत होते. त्या म्हणाल्या, "हे घर हाय, खानावळ नाय." सुदर्शन मागं जिन्याशी उभा होता. त्याच आठवड्यात त्यानं नवी शेगडी आणून वर नेली. त्यानंतर दोघांमध्ये पाण्यापुरते शब्द उरले होते. नळ एकच होता, खालच्या अंगणात. पाणी आलं की त्या "आलं" म्हणून वर हाक देत, आणि वरची टाकी भरली की तो "बंद कर" म्हणे.

आठव्या दिवशी दुपारी नळ आला. सुदर्शन बिडकीनच्या कंपनीतून पहिली पाळी करून नुकताच परतला होता. तो खाली आला, उकिडवा बसून मोटरीला पाइप जोडू लागला.

"पालिकेचा माणूस येणार हाय," सारजाबाई म्हणाल्या.

त्याचे हात थांबले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं: मॅडम, पाहणी, एक चूल. शेगडीचंही सांगितलं. मग त्या म्हणाल्या,

"मालकीण खाली राहती, असं सांगितलं व्हय तू?"

"तो घाईत होता. घर कुणाच्या नावावर, विचारत होता. तुझ्याच नावावर हाय ना?"

"हाय."

"मग."

पाणी रिकाम्या ड्रमच्या तळावर पडत होतं. ड्रम भरत जातो तसा तो आवाज हळूहळू चढत जातो. दोघंही तो आवाज ऐकत राहिले.

"खानावळीत मालकीणच असती," सुदर्शन ड्रमकडं बघत म्हणाला.

पाणी काठाशी आलं.

"भरला," त्या म्हणाल्या. "पाइप काढ."

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. सुदर्शन दोन्ही हातांत शेगडी धरून पायऱ्या उतरत होता. मागं मोनिका होती, तिच्या मनगटाला नारिंगी नळीचं वेटोळं.

"कुठं ठेवू?"

"पलंगाखाली."

त्यानं शेगडी आणि नळी आत सरकवली. सारजाबाईंनी वरून गोधडीची कड खाली सोडली. सिलिंडर अंगणात ड्रममागं गेला.

त्या रात्री तिघं खाली जेवले. मोनिकानं वरून दोन ताटं आणली होती. जेवून झाल्यावर ती घासून पुन्हा वर नेली. मीठ कुणाला कमी पडलं का, ते कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. माणूस आला नाही.

पुढच्या आठवड्यातही आला नाही. सारजाबाईंनी झोन कार्यालयात फोन लावला. "यादीत नाव आहे, येतील," एवढंच उत्तर मिळालं. सुदर्शन कामावरून आला की बूट काढता काढता दारातूनच विचारायचा,

"आला का कोणी?"

"नाय."

"मग राहू दे अजून."

कधीतरी मोनिकाची दोन ताटं वर जायची राहून गेली. मग ती खालच्याच मांडणीवर पालथी दिसू लागली. डबे तिथंच भरू लागले: सुदर्शनचा पहाटे, मोनिकाचा नंतर. एका सुट्टीच्या दिवशी मोनिका ओट्याशी वाकून ज्योतीकडं बघत राहिली. सारजाबाईंच्या शेगडीची ज्योत गेली कित्येक वर्षं पिवळी जळायची, पातेल्यांची बुडं काळी व्हायची. त्यांना वाटायचं, गॅसच आता असा येतो.

"याला हवा कमी पडतीय," मोनिका म्हणाली. तिनं बर्नर उतरवला, सुईनं भोकं मोकळी केली, बर्नरखालच्या नळीतलं कोळ्याचं जाळं काढलं. पुन्हा पेटवल्यावर ज्योत निळी आणि बुटकी झाली, सारखा आवाज करू लागली.

"एवढंच होतं व्हय?"

"एवढंच होतं."

एका संध्याकाळी मोनिकाला फार उशीर झाला. आल्या आल्या तिनं खांद्यावरची पिशवीही न उतरवता पातेल्यावरचं झाकण उचललं. मग तिचा हात तसाच हवेत राहिला. झाकणाच्या आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब ओट्यावर पडत होते. सारजाबाई पलंगावरून उठल्या. त्यांनी पायानं स्टूल तिच्याकडं ढकललं.

"बसून बघ," त्या म्हणाल्या. "भेंडी हाय."

इलियासभाई आले तेव्हा घरात सारजाबाई एकट्याच होत्या. ऊन इतकं होतं की अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. चाळिशीचा माणूस, काखेत फाइल, गळ्याला ओला रुमाल. आधी पाणी मागितलं, दोन तांबे प्यायला, मग जिना चढून वर गेला. त्याला सगळं बघू द्यावं म्हणून त्या खालीच थांबल्या. खाली आल्यावर त्यानं ओटा पाहिला, मांडणी पाहिली, खिडकीत वाळत घातलेले डबे पाहिले.

"वर स्वयंपाक नाही होत?"

"खालीच होतो."

"किती दिवसांपासून?"

सारजाबाईंना खोटं बोलता येत नसे. बोलायची वेळ आली की त्यांचे कान गरम होत.

"आता बरेच दिस झाले," त्या म्हणाल्या. कान गरम झाले नाहीत.

इलियासभाई हसला. त्याची नजर पलंगाकडं होती. गोधडीच्या कडेखालून नारिंगी नळीचं टोक बाहेर आलं होतं. तो तसाच पुढं झाला आणि त्यानं पायानं ते हलकेच आत सरकवलं.

"मावशी, शेगड्या मोजायच्या तर मला प्रत्येक घरात पलंग उचलावा लागंल. मी पलंग उचलत नाही. लोक जेवतात कुठं ते बघतो." त्यानं फाइल उघडून दोन ओळी लिहिल्या. "एक बिऱ्हाड. मॅडमकडं जाईल हे, पट्टी कमी होईल. भाडेकरू निघाला म्हणून समजा."

"खोडतील शब्द?"

"खोडतील ना. चहा मात्र पाहिजे."

त्यांनी निळ्या ज्योतीवर चहा केला. तो पिऊन इलियासभाईनं खिशातून निळा खडू काढला आणि चौकटीवर उंच हात करून 'पाहणी झाली' लिहिलं, खाली तारीख टाकली.

"आता दुसरं कुणी येणार नाही तुम्हाला त्रास द्यायला. वरची शेगडी वर जाऊ द्या. पोरांना किती दिवस चढ-उतर करायला लावता?"

"व्हय," सारजाबाई म्हणाल्या.

तो गेला. त्या चौकटीकडं बघत उभ्या राहिल्या. उन्हानं डोळे दुखू लागले, तशा आत आल्या. भांडी लावली. डाळ भिजत घातली. पलंगावर आडव्या झाल्या, पुन्हा उठल्या. मग मोरीतलं फडकं ओलं करून त्या दाराशी गेल्या. हात पुरला तिथवर पुसलं. तारीख गेली, अक्षरांचा खालचा भाग गेला. वर राहिलेल्यासाठी स्टूल आणलं, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. स्टूल त्यांनी परत जागेवर ठेवलं.

संध्याकाळी सुदर्शन आला. बूट काढता काढता त्यानं दारातूनच विचारलं,

"आला का कोणी?"

सारजाबाई फोडणी करत होत्या. मोहरी तडतडायची थांबेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

"नाय," त्या म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. "कुणी नाय आलं."

"काय लोक हायेत. वर्ष लावतील अशानं."

"माणसं कमी हायेत म्हणं त्यांच्याकडं."

तो हातपाय धुवायला मोरीकडं गेला. थोड्या वेळानं फाटक वाजलं. मोनिका अंगणातून आली आणि चौकटीशी थांबली. ओट्यापाशी उभ्या सारजाबाईंना तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त वर गेलेला हात दिसत होता. तो हात जरा वेळ तिथंच होता.

ती आत आली तेव्हा तिच्या अंगठ्याला निळं लागलेलं होतं.

"इतके दिस झाले, एकदा जाऊन विचारू का मी तिथं?" सुदर्शन तोंड पुसत म्हणाला.

"कशाला?" मोनिका म्हणाली. "यायचे तेव्हा येतील." तिनं तांब्यातलं पाणी अंगठ्यावर ओतलं, ओढणीला हात पुसला. "आई, कणीक मी मळते. तुम्ही बसा."

पिठाचा डबा पलीकडच्या कोनाड्यात होता. तो आणायला जाताना पलंगापाशी तिचं पाऊल थांबलं. गोधडीखालून नळीचं टोक पुन्हा बाहेर आलं होतं. तिनं ते पायानं आत सरकवलं आणि ती पिठाकडं गेली.