ओल्या बाटल्या

बाटली उलटी केली तरी आतलं काही हलेना. मावशींनी बुडावर थाप मारली, तेव्हा एक पिवळट गोळा कसाबसा बाहेर आला.

"मावशी, बस पळवायची म्हणालात, आता आंघोळ घालायची का तिला?" शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने विचारलं आणि तो गोळा खरंच बस धुवायला घेऊन गेला.

शाळेच्या प्रयोगशाळेत मावशींची एकोणतीस वर्षं गेली. प्रयोग करायचे इतरांनी, नळ्या-बाटल्या घासायच्या यांनी. खानावळीतल्या वापरलेल्या तेलापासून बससाठी इंधन करायचा घाट विज्ञानाच्या बाईंनी घातला आणि नेमक्या तेव्हाच त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. जाताना वही मावशींच्या हातात दिली, म्हणाल्या, आता तुम्हीच करा. मुख्याध्यापिकाबाईंचा यावर काडीचा विश्वास नव्हता. मावशींच्या निवृत्तीपर्यंत करून बघा, नंतर गुंडाळा, असं त्यांनी बजावलं. आता निवृत्तीला पाचच दिवस उरले होते.

इंधनाऐवजी साबण झाल्यावर सगळी शाळा हसली. मावशीही हसल्या, पण घरी जाऊन रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि कपाळावर हात मारला. तेलात पाण्याचा अंश राहिला तर इंधन न होता साबण होतो. आणि त्यांनी तर सवयीने सगळ्या बाटल्या लखलखीत धुऊन ओल्याच वापरल्या होत्या!

दुसऱ्या खेपेला बाटल्या उन्हात खडखडीत वाळवल्या. तेल तडतडायचं थांबेपर्यंत तापवलं, निवल्यावर त्यात रसायनं मोजून घातली. दुसऱ्या दिवशी तळाशी काळा गाळ आणि वर कोऱ्या चहासारखं नितळ इंधन दिसलं. उरलीसुरली रसायनं निघून जावीत म्हणून आता ते पाण्याने धुवायचं, मग पुन्हा सुकवायचं, असं वहीत होतं. धुण्याचं वाचून मावशींना हसू आलं.

शेवटच्या दिवशी ड्रायव्हरने ते टाकीत ओतलं. चावी फिरवली. बस एकदा खोकली, थांबली. मावशींनी पदर मुठीत धरला. दुसऱ्यांदा ती सुरू झाली आणि मैदानाला तीन फेऱ्या मारून आली. नेहमीच्या काळ्या धुराचा पत्ता नव्हता.

पोरांच्या टाळ्या थांबल्यावर मावशी प्रयोगशाळेत परतल्या. मोरीपाशी मुख्याध्यापिकाबाई बाह्या सरसावून तेलकट बाटल्या घासत होत्या.

"सोमवारी याल ना? पुढची खेप लावायचीय," मागे न बघता त्यांनी विचारलं.

मावशींचा हात सवयीने घासणीकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला, स्टूल ओढलं आणि बसल्या.

"येईन," त्या म्हणाल्या. "तेवढ्या बाटल्या नीट वाळवा, बाई. थेंब राहायला नको."