संपतच्या खांद्यावरची जागा

या मित्रांनो, सतरंजीवर जरा पुढं सरकून बसा. एक गोष्ट सांगते. मला ओरडून बोलता येत नाही, आणि गोष्ट थोडी माझ्या लाजेची आहे.

मी एक जुनी वीणा आहे. माझा भोपळा मिरजेकडचा, पण आयुष्य गेलं राजुरीच्या देवळात. माघात इथं सात दिवस हरिनाम सप्ताह बसतो. त्या सात दिवसांत मला जमिनीला टेकवायचं नाही, माझी तार थांबू द्यायची नाही, असा नेम. दोन-दोन तासांचा पहारा असतो. एकाच्या खांद्यावरून मी थेट दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, आणि पहाऱ्यावरचा माणूस नामाशिवाय काही बोलत नाही.

शेतात लाइट आली की पहारेकरी कांद्याला पाणी द्यायला पळत. मग त्यांच्यातलाच संपतभाऊ स्वतःचा सोडून त्यांचाही पहारा करी. कीर्तनातला शब्द न् शब्द त्याच्या ध्यानात राही. "ऐकावं तर संपतनं," असं गाव म्हणे, आणि मी फुलून जाई.

एकच गोष्ट मला खुपायची. त्याच्या खांद्यावर पूर्वी त्याची लेक अक्षदा बसायची. जत्रा तिला तिथूनच दिसायची. ती मोठी झाली, खाली उतरली आणि जागा माझी झाली. तरी ती जवळ आली की मला धास्ती वाटे.

अठ्ठ्याण्णव सालच्या सप्ताहात पहिल्याच दुपारी नऊ वर्षांची अक्षदा आली. "नाना, ऐका ना. माझा कान..."

संपतनं हनुवटीनं 'घरी जा' अशी खूण केली, डोळे मिटले आणि तार जोरात छेडली. मित्रांनो, मीही जीव तोडून वाजले. तिचं पुढचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तेव्हाही आम्ही दोघांनी तेच केलं.

पाचव्या दिवशी पहारा घेण्याआधी संपत म्हाताऱ्या सावळारामबाबांना म्हणाला, "पोरगी लई आगाऊ झाली, बाबा. चार हाका मारल्या तरी वळत न्हाई."

बाबा म्हणाले, "तू तरी कुठं वळतो?"

सहाव्या दुपारी अक्षदा आली ती गप्पच. तिनं माझ्या भोपळ्याला उजवा कान लावला आणि हसली. मग डावा लावला. बराच वेळ तशीच उभी राहिली. मी वाजत होते.

"नाना," ती म्हणाली, "ह्या कानाला ही वाजतच न्हाई."

संपतचं नाम तुटलं. बोट तेवढं सवयीनं तार छेडत राहिलं.

जवळ बसलेल्या सावळारामबाबांना तो म्हणाला, "बाबा, वीणा घ्या."

"आरं, तासभर पहारा हाय अजून तुझा."

"हाय. घ्या तुमी."

मला देऊन तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. "कवाधरनं?"

"संक्रांतीपासनं दुखतोय. तुमाला सांगत व्हते की."

"आता सांग. सगळं सांग."

ती सांगत राहिली. तो मधे एक शब्द बोलला नाही. कीर्तनातही त्याला असं ऐकताना मी पाहिलं नव्हतं. परक्या खांद्यावरून मी ते बघत होते आणि जळत होते.

दुपारच्या एसटीनं दोघं ओतूरला दवाखान्यात गेली. औषधानं ठणका थांबला. पण उशीर झाला होता. त्या कानाला पुढं कमीच ऐकू आलं.

तेव्हापासून संपत तिच्या उजव्या बाजूनं चालू लागला. सप्ताहात ती पायरीवर दिसली की मला दुसऱ्याच्या खांद्यावर देई. लोक कुजबुजले तेव्हा म्हणाला, "वीणा धरायला गाव हाय. हिचं ऐकायला मीच."

आता अक्षदाचं लग्न झालंय. माहेरी आली की ती देवळात येते, मला पुसते आणि उजवा कान लावते. तिच्यामागं संपत उभा असतो, ती काय म्हणते ते ऐकायला. खरं सांगते, अजून मला तिचा हेवा वाटतो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आई-बाप व्हाल. हातातलं खाली ठेवता येत नसेल, तर दुसऱ्याच्या हातात द्या, पण लेकरू बोलत असताना आपली तार मोठ्यानं छेडू नका. माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल. अक्षदाच्या डाव्या कानाची तेवढी ठेवा.