न वाचलेल्या टेपा

रुग्णालयाच्या तळघरातल्या संगणक विभागात सगळे त्यांना टेपवाले म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरले असताना, रुग्णांचे जुने एक्स-रे आणि स्कॅन डिस्कवरून टेपवर हलवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. डिस्क काठोकाठ भरली होती.

अडचण वेळेची होती. रात्री दहाला सुरू होणारा रोजचा बॅकअप पहाटे पाचपर्यंत टेपचं यंत्र अडवून बसायचा. दिवसा डॉक्टर स्कॅन बघत, तेव्हा डिस्कवर ताण देऊन चालत नसे. राहिले पाच ते आठ. त्यातलाही निम्मा वेळ, लिहिलेली टेप नीट वाचता येते का हे पडताळण्यात जायचा.

"अकरा आठवडे लागतील," टेपवाले म्हणाले.

"चार देतो," साहेब म्हणाले. "नवी डिस्क मिळणार नाही."

"पडताळल्याशिवाय मी डिस्कवरचं काही पुसणार नाही, साहेब."

साहेबांनी वाद घातला नाही. काम काढून घेतलं आणि टेपवाल्यांच्या भाचीला दिलं.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. नवऱ्याने सोडल्यावर लहानग्या लेकीला घेऊन आईकडे आली होती. तिला इथे लावून घ्यायला मामांनी साहेबांचे उंबरठे झिजवले, हाताला धरून काम शिकवलं. गेल्या वर्षी आजारपणात स्वतःचा पासवर्डही देऊन ठेवला.

"पडताळणी बंद करू नकोस," त्यांनी तिला बजावलं.

"हो मामा."

चौथा आठवडा संपायच्या आत डिस्क रिकामी झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. हे कसं जमलं ते मामांना न विचारताच कळलं. पडताळणी बंद केली होती. त्यांनी वर कळवलं नाही.

दोन महिन्यांनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन हवा होता. छातीतली गाठ वाढलीय का, हे डॉक्टरांना ताडून बघायचं होतं. भाची रजेवर होती, म्हणून टेपवाल्यांनी टेप लावली. वाचली जाईना. यंत्र साफ करून, थंड होऊ देऊन, तीनदा लावली. शेवटी वर जाऊन त्यांनीच बाईंना सांगितलं.

"कॉम्प्युटरमधून हरवेल कसं?" बाई म्हणाल्या. "कागद आहे का वाऱ्याने उडायला?"

टेपवाल्यांनी हातातली टेप त्यांना दाखवली.

"स्कॅन काढला तेव्हाच मी म्हटलं होतं, फिल्म माझ्याकडे द्या. तुमच्याच माणसाने सांगितलं, घरी ठेवलीत तर हरवेल."

बाईंच्या गाठीत सुई घालून तुकडा काढावा लागला. निकालाला बारा दिवस लागले. गाठ साधी निघाली, पण त्या बारा दिवसांत आता आपण जगत नाही असं धरून बाईंनी शिवणाचं दुकान भावजयीच्या नावावर केलं होतं.

बाईंनी तक्रार केली आणि चौकशी बसली. डिस्क पुसल्याच्या नोंदीत लॉगिन टेपवाल्यांचं निघालं.

"मी नाही पुसलं," ते म्हणाले.

रुग्णालयाच्या संचालकांनी भाचीकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत म्हणाली, "पुसायचं मामाच बघत होते. मी फक्त टेपा बदलत होते."

साहेब चष्मा पुसत राहिले.

"पासवर्ड दुसऱ्याला दिलात ना?" संचालकांनी विचारलं. "दिला," टेपवाले म्हणाले. तोच गुन्हा ठरला आणि चौकशी तिथेच संपली. त्यांचं लॉगिन बंद झालं, बदली भांडारात झाली. आता ते हातमोजे आणि कापसाची खोकी मोजून देऊ लागले.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, मनाला लावून घेऊ नकोस. तुझे उरलेत चार महिने. तिच्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय."

"तिने आधी विचारलं असतं तर मी स्वतःहून अंगावर घेतलं असतं गं."

"मग बिघडलं काय?" बहीण म्हणाली.

त्यांनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांनी संचालकांना अर्ज लिहिला. स्वतःबद्दल त्यात एक ओळ नव्हती. न पडताळलेल्या एकशे चाळीस टेपा आहेत, आत्ताच वाचून बघा, रात्रीच्या बॅकअपच्या जुन्या टेपा अजून पुसलेल्या नाहीत, तिथून काही परत मिळेल, एवढंच.

उत्तर घेऊन भाचीच भांडारात आली. कागदावर 'तपासणीची आवश्यकता नाही' असं होतं. खाली विभागाची नवी प्रमुख सहायक म्हणून तिची सही.

"किती वाचून बघितल्यास?" त्यांनी विचारलं.

"मामा, प्लीज. मला लेकीला शाळेतून आणायचंय."

"एक तरी?"

तिने पोच म्हणून वहीत त्यांची सही घेतली आणि ती जिना चढून निघून गेली.