घोटभर पाणी

थर्मामीटरमधला पारा एका जागी तुटला होता. अठ्ठ्याण्णवच्या खुणेपाशी एक बारीक फट, आणि तिच्या वर अडकलेला गव्हाच्या कोंड्याएवढा तुकडा. विजयमालानं मनगटाला तीन झटके दिले. चौथ्या झटक्याला तुकडा खाली येऊन मिळाला, तेव्हाच तिनं थर्मामीटर शेजारच्या साळूबाईच्या जिभेखाली ठेवला.

"बोलू नगा आता, काकी. दोन मिनिटं."

साळूबाईला दोन मिनिटं गप्प बसणं तापापेक्षा जड गेलं. थर्मामीटर निघताच ती म्हणाली, "बघा, कसा हलका हात हाय! आन् ह्या पोरीला नापास करत्यात. कुठं फेडतील हे पाप?"

"शंभरावर एक," विजयमाला म्हणाली.

ओसरीवर बसलेल्या नाथाजींनी मान डोलावली. ती तापाच्या आकड्याला नव्हे, साळूबाईच्या बोलण्याला होती. पासष्टच्या लढाईत पायाला गोळी लागून ते चार महिने फौजेच्या इस्पितळात होते. तिथल्या नर्सबाया पाहून त्यांनी ठरवून टाकलं होतं, आपल्या बिनआईच्या लेकीला हेच करायचं. सातारजवळच्या त्या गावातून मिरजेला नर्स व्हायला गेलेली ती पहिलीच मुलगी. तीन वर्षं झाली, शेवटची परीक्षा झाली, आणि चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये निकाल आला. लेखी परीक्षेत ती पास होती. प्रात्यक्षिकात ती नापास होती.

घरी आल्या दिवशी तिनं बापाला कारण सांगितलं, आणि तिथून ते तिचं राहिलंच नाही.

त्या दिवशी परीक्षेसाठी तिच्याकडे पलूसची बनुबाई नावाची म्हातारी होती. पोटात गाठ, दुपारी ऑपरेशन. तोंडानं काहीही द्यायचं नाही, अशी पाटी विजयमालानं स्वतःच पहाटे खाटेला बांधली होती. एप्रिलचं ऊन वॉर्डाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. परगावच्या परीक्षक बाई पलीकडच्या खाटेपाशी होत्या. बनुबाई म्हणाली, "लेकी, जीव चाललाय गं. घोटभर पाणी दे."

विजयमालाच्या घरात पाणी मागणाऱ्याला कधी कुणी नाही म्हटलं नव्हतं. बांधावरून भांडायला आलेल्या भावकीलाही आधी तांब्या मिळायचा, मग शिव्या. डोक्यानं काही म्हणायच्या आत तिचा हात फुलपात्राकडे गेला होता. दोन घोट. फार तर साठ सीसी. परीक्षक बाईंनी पाहिलं, वहीत लिहिलं आणि सर्जनना निरोप पाठवला. भूल दिल्यावर पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. आठच दिवसांपूर्वी विजयमालानं हे पेपरात अचूक लिहिलं होतं.

ऑपरेशन गुरुवारवर गेलं. बनुबाईच्या मुलाला मात्र तो अपशकुन वाटला. देवाच्या मनात नाही, म्हणून त्यानं आईला त्याच संध्याकाळी पलूसला परत नेलं.

नाथाजींनी गावभर सांगितलं ते एवढंच, की तहानलेल्या म्हातारीला पाणी पाजलं म्हणून पोरीला नापास केलं. चावडीवर सांगितलं, यष्टीत सांगितलं, सातारच्या मिलिटरी कँटीनच्या रांगेत सांगितलं. लोक हळहळत, तिला चांगलं म्हणत. ती खाली बघत राही, तर तो तिचा विनय ठरे. ही कथा ऐकून सातारच्या एका डॉक्टरांनी पत्र धाडलं. दवाखान्यात या, पांढरी साडी नेसा, पास झाल्याचा कागद नसला तरी चालेल.

मिरजेहून मेट्रनबाईंचंही पत्र आलं होतं. सहा महिने पुन्हा त्याच वॉर्डात काम करायचं आणि परत परीक्षेला बसायचं; पास झाल्यावर बाळंतपणाचा कोर्सही तिथंच करता येईल. फॉर्म महिनाअखेर पोचायला हवा होता. विजयमालानं तो भरून ठेवला होता, पण टाकला नव्हता. तिसरं पत्र तिच्याबरोबर शिकणाऱ्या अंजनाचं. ते दोन महिने तिच्या ट्रंकेत होतं आणि तिनं कुणाला दाखवलं नव्हतं.

"उद्या नवाची यष्टी," नाथाजी म्हणाले. "डाक्टरसायबांना जबान दिलीया."

"आता आमाला सुई टोचायला घरचं माणूस झालं," साळूबाईनं पदर सावरला. "आन् तशी म्हातारी परत भेटली, तर परत पाज बाई पाणी. पुण्याचं काम हाय."

"न्हाई पाजणार, काकी."

तिचा आवाज चढला नव्हता, तरी दोघंही तिच्याकडे बघू लागली.

"ती म्हातारी गेली. ऑपरेशन झालंच न्हाई तिचं. श्रावणात वारली, पलूसला. अंजनानं कळवलंय."

साळूबाईनं तोंडावर हात ठेवला. नाथाजींनी दुखऱ्या पायावरून तळवा फिरवला.

"गाठ हुती पोटात," ते म्हणाले. "तुज्या पाण्यानं थोडीच मेली?"

"म्हाईत न्हाई, आबा. ऑपरेशन झालं असतं तर जगली असती का, ते कुणीच सांगू शकत न्हाई. आता कवाच कळायचं न्हाई. पण ती परत गेली ती माज्यामुळं. आन् तुमी चार महिनं मला शाबासकी देताय."

"मग काय शिव्या देऊ?"

"चुकलीस म्हणा. एकदा तरी म्हणा."

नाथाजी म्हणाले नाहीत. ते त्यांना जमणार नाही, हे तिला त्यांच्या ओठांवरून दिसलं, आणि मघापेक्षाही जास्त वाईट वाटलं.

"तुज्या मागच्या पोरी तुज्यावर हुकूम सोडतील तिथं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सातारचा डाक्टर तर कागद बी मागत न्हाई."

"म्हणूनच." तिनं श्वास घेतला. "मी सातारला जाणार न्हाई, आबा. मिरजेला जाणार. सहा महिनं त्याच वॉर्डात काम करीन, परत परीक्षेला बसीन, आन् पास झाले तर बाळंतपणाचा कोर्स बी तिथंच करीन."