ताहिती, मुक्काम येलदरी

झोपडीत राहायला आबासाहेब विमानानं गेले होते.

खोटं नाही सांगत. सगळ्यांत जास्त पोती खपवली म्हणून खताच्या कंपनीनं त्यांना ताहिती नावाच्या बेटावर धाडलं. तिकिटं नवरा-बायकोची होती. आबासाहेबांनी बायकोला, धुरपताबाईला, घरी ठेवलं आणि मेव्हण्याला नेलं. परत आले ते फोटो घेऊन. निळं पाणी, पाण्यात खांबांवर उभ्या गवताच्या झोपड्या, आणि एका दारात गळ्यात फुलं घालून आबासाहेब, अर्ध्या चड्डीत. त्यांचे गुडघे गावानं पहिल्यांदा त्या फोटोत पाहिले.

"गोरे लोक पैसे मोजून झोपडीत राहायलेत!" आबासाहेब पारावर बसून सांगायचे. "आन् तिथं कुनी जात इचारत न्हाई, गोत इचारत न्हाई. पाहुणा आला की मालक सोता पाणी घिऊन दारात हुबा!"

आम्ही पाराखाली उभे राहून ऐकायचो. पाण्याकाठी गवताच्या झोपडीत आमच्या पिढ्या गेल्या. बघायला विमानानं कुणी आलं नाही. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंग्यात वस्ती पेटवायला मात्र चालत आले.

तर आबासाहेबांच्या डोक्यात ताहिती बसली. येलदरीच्या धरणाच्या पाण्याला लागून त्यांचं रान आहे. तिथं समुद्रकिनारा करायचा ठरला. पूर्णेची वाळू ट्रॅक्टरनं आणून ओतली, ती काळ्या मातीनं गिळली. पुन्हा ओतली, पुन्हा गिळली. आपल्याकडं नारळ धरत नाही म्हणून शिंदीची झाडं उपटून आणून लावली. नमुन्याला आधी एकच झोपडी, पाण्याच्या कडेला, खांबांवर. परभणीचा एक मोठा साहेब बायकोला घेऊन पहिला मुक्काम करणार होता. त्याला आवडलं तर परवानगी, मग पुढच्या झोपड्या.

झोपडी बांधायला अर्थातच आम्ही. छपरं शाकारणं हे आमच्या घरचं काम. माझा भाऊ वारल्यापासून छपराच्या आढ्यावर वैनी चढते, कस्तुराबाई, आणि मी खालून पेंढ्या फेकतो. भिंतीला तुराट्यांचा कूड केला, शेणामातीनं लिंपला, वर पवन्या गवताचं छप्पर. आत परभणीहून आणलेला पलंग, त्यावर गादी. वैनी आत-बाहेर करताना त्या गादीकडं बघायची.

आता एक रीत आहे आमच्याकडं. आढ्याची शेवटची पेंढी मान घेतल्याशिवाय बांधायची नाही. मालकानं खाली उभं राहून तीनदा विचारायचं, काय मान हवा? वरच्यानं तिसऱ्यांदा तोंड उघडायचं. मागितलं ते द्यायचं. नाही दिलं तर आढं उघडं राहतं, आणि उघड्या आढ्याखाली बरकत टिकत नाही. मागणारे बिचारे जपून मागतात. लुगडं, टोपी, टॉवेल. आबासाहेब हिरवं लुगडं हातात धरूनच उभे होते. बघायला माणसं जमली होती, म्हणून आवाजही चढा.

"बोल कस्तुरा, काय मान हवा?"

वैनी गप्प.

"काय मान हवा?"

गप्प.

"आगं बोल की, काय मान हवा?"

"मुक्काम," वैनी म्हणाली.

"कुनाचा?"

"माजा. आजचा दिवस आन् रात, ह्या झोपडीत. पाहुणी म्हणून. तुमीच म्हणलाव न्हवं, मालक पाणी घिऊन दारात हुबा राहतो म्हणून?"

माणसं हसली. आबासाहेबही हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की वैनी हसत नाही.

"लुगडं घे. दोन घे."

"लुगडी हायेत मला."

"आगं साहेब यायलेत!"

"दिसायलेत की मला वरून. धरणाच्या रस्त्याला जीप लागलीय. लय धुरळा उडवायलेत."

"बन्सीधर, उतरव तुज्या वैनीला!"

"मालक," मी म्हणालो, "मान मागायचा हक्क तिचा. मी कसा मोडू?"

आबासाहेब कुडाजवळ आले आणि वर बघत, आवाज खाली आणून पोटातलं बोलले. "तू लोळलीस तर त्या गादीवर साहेब कसे झोपतील?"

ऐका हे. कूड लिंपला तो आमच्या हातांनी. सुतळी आमच्या मांडीवर वळली. तेव्हा काही बाटलं नाही. पाठ टेकली की बाटतं. घाम चालतो, माणूस चालत नाही. ताहितीला जाऊन हा माणूस वाळू बघून आला, पाणी बघून आला, आणि बघायचं तेवढं सोडून आला.

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण वैनी वरून खुशाल म्हणाली, "मग साहेबांना हेबी सांगा. सारी सुतळी मी दातानं तोडलीय. छपराला माजं थुकं लागलंय."

आता माझंच हसू फुटलं.

साहेबासाठी पुरणाचा डबा घेऊन धुरपताबाई आल्या होत्या. त्या मागून म्हणाल्या, "द्या तिला."

"तू गप बस."

"न्हाई बसत. आढं उघडं ठिऊन घरची बरकत घालवता का? आन् मला इमानात न्हेलं न्हाई, तवा मी गपच बसले होते."

जमलेले गडी एकदम आपापल्या पायांकडं बघायला लागले. धुरपताबाईंनी तांब्या भरला, पेला घेतला आणि दोन्ही नवऱ्याच्या हातात कोंबले. "धरा. दारात हुबं राहा. ताहितीवानी."

वैनीनं शेवटची पेंढी आवळली, गाठ मारली, सुतळी दातानं तोडली आणि खाली उतरली. धरणाच्या पाण्यात हातपाय धुतले, पदर सारखा केला आणि पाहुण्यासारखी हळूहळू दाराशी आली.

आबासाहेबांचा हात सवयीनं वर गेला. आम्हाला पाणी असंच मिळतं, वरून, ओंजळीत.

वैनीनं ओंजळ केलीच नाही. नुसती उभी राहिली.

"पेल्यात," ती म्हणाली.

जीपचा आवाज जवळ आला. आबासाहेबांनी पेला भरला आणि तिच्या हातात दिला. ती सावकाश प्याली. घोट घोट. मग आत गेली आणि पलंगावर मांडी घालून बसली.

साहेब उतरला. आबासाहेब घाम पुसत म्हणाले, "साहेब, जरा... आत पाहुणे हायेत."

"कोण पाहुणे?"

"कस्तुराबाई!" आतून आवाज आला. "तुमचा नंबर उद्या!"

साहेबाला हसू आलं की राग, मला कळलं नाही. त्याची बायको तोवर चपला काढून पाण्यात पाय सोडून बसली होती, आणि उठायचं तिचं लक्षण दिसत नव्हतं.

धुरपताबाईंनी चहा केला. कपबशा त्यांच्या घरातल्याच, आमच्यासाठी वेगळ्या टांगलेल्या नव्हेत. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "कस्तुरा, येऊ का?"

"या की," वैनी म्हणाली. "पाय तेवढे पुसा. गादी मऊ हाय."

थोड्या वेळानं साहेबाची बायकोही आत गेली. मग दिवसभर आतून हसणं ऐकू येत होतं. डब्यातलं पुरणही आतच संपलं. आबासाहेब, साहेब आणि मी बाहेर चिखलात बसलो. त्या चिखलाला आबासाहेब वाळू म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी वैनी वस्तीत आली तेव्हा बायांनी तिला गराडा घातला. सुलाबाईनं विचारलं, "काय काय केलंस गं तिथं?"

"काईच न्हाई केलं," वैनी म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हंजी काईच न्हाई! सैपाक न्हाई, पाणी न्हाई, झाडणं न्हाई. नुसती बसले. मग आडवी झाले. मग परत बसले."

बाया आणखी जवळ सरकल्या. मागं उभ्या असलेल्या पंचफुलाला नीट ऐकू आलं नव्हतं. तिनं पुढं घुसून विचारलं, "काय केलंस म्हणालीस?"

वैनीनं तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.