गोठलेलं पेन

शनिवारी सकाळी साडेनऊला मी बाथरूमची कडी आतून लावली, बादली उलटी करून तिच्यावर बसले आणि इंजेक्शनचं पेन मांडीवर ठेवलं. बाहेर बाबांनी मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावला.

"तीस मिनिटं हं! सुरू!"

आमच्याकडे महिन्यातून एकदा हा सोहळा असतो. ह्या पेनात माझ्या सोरायसिसचं औषध असतं. ते फ्रिजमधून काढायचं, अर्धा तास बाहेर ठेवून त्याचा गारवा जाऊ द्यायचा आणि मग मांडीला टेकवून दाबायचं. पहिला 'टक' म्हणजे औषध सुटलं, दुसरा 'टक' म्हणजे संपलं. आठ महिने आई टोचायची, बाबा आईचा हात धरायचे आणि ताई दोघांना हसायची. ह्या वेळी मात्र मी जाहीर केलं, की मी सोळा वर्षांची आहे, मांडी माझी आहे, आणि मी एकटी, दार लावून टोचणार.

"अगं, चक्कर आली तर?" आई म्हणाली.

"बादलीत पडेन."

एवढं भांडून मिळवलेलं दार मी लावलं खरं, पण पाचव्या मिनिटाला मला कळलं, की आपण चांगलेच अडकलो.

पेनाच्या पोटाला एक छोटी खिडकी असते. त्यातून औषध दिसतं, पाण्यासारखं, आणि एक बुडबुडा दिसतो. पेन तिरकं केलं की तो पळतो. आज तो पळाला नाही. मी पेन आडवं केलं, उभं केलं, उलटं केलं. बुडबुडा जागचा हलेना. खिडकीत पांढुरकं काहीतरी घट्ट बसलं होतं.

बर्फ.

मग आठवलं, मघाशी खोकं फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटलं होतं. मी ओढलं तेव्हा त्याचा कोपरा टरकन फाटला. तेव्हा मी बघितलंच नाही, कारण बाबा खांद्याशी उभं राहून "दार लाव, दार लाव, गारवा जातोय" असं ओरडत होते.

'गोठलेलं औषध वापरू नये. वितळलं तरी वापरू नये.' हे वाक्य मला पाठ आहे. आमच्या फ्रिजच्या दारावर ते चिकटवलंय, बाबांच्या अक्षरात, लाल शाईत, खाली दोन रेघा मारून.

"पंचवीस मिनिटं राहिली गं!" बाबा ओरडले. "ठीक आहेस ना?"

"एकदम मस्त!"

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा फ्रिज दुरुस्त करतात. त्यांचा धंदाच तो. लोकांच्या स्वयंपाकघरात पालथे पडून ते सांगतात, "सारखं दार उघडू नका हो, मग मशीन थांबतच नाही." आणि घरी? माझं पहिलं पेन आलं त्या दिवशी त्यांनी फ्रिजच्या दारात तापमापक टांगला. दारातच, म्हणजे वाकायला नको. तेव्हापासून ते कामाला जाताना तो बघतात, आल्यावर बघतात, चहाच्या आधी, चहाच्या नंतर, दात घासताना. दहादा दार उघडल्यावर दारातला आकडा वरच जाणार. मग ते "च्च, वाढलंय" म्हणतात आणि आतलं बटण अजून थोडं थंडकडे फिरवतात. दारात आठ-नऊ, आणि आत, मागच्या भिंतीला, माझ्या औषधाचा बर्फ! दुसऱ्या कोणाच्या घरी हे झालं असतं, तर बाबांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं.

आणि आम्ही त्या फ्रिजपायी आठ महिने कुठे गेलो नाही. आत्याच्या नव्या घरीसुद्धा नाही. "वीज गेली तर?" हे बाबांचं ठरलेलं उत्तर. ताई म्हणते, ह्या घरात दोन मुली आणि एक फ्रिज आहे, आणि लाडका फ्रिजच.

मी पेन मुठीत धरून बसले. आतलं वितळायला लागलं. बुडबुडा जरासा हलला.

खरं सांगायचं तर मी ते टोचणारच होते.

कारण सहावीपासून वर्गात माझं नाव 'खडू' होतं. मी बाकावरून उठले, की मागे पांढरा भुगा पडलेला असायचा. कोपरं, गुडघे, डोकं, सगळीकडे लाल चट्टे आणि त्यांवर पापुद्रे. ऐन उन्हाळ्यात मी मनगटापर्यंत बाह्या घालायची आणि शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची, म्हणजे मागे कोणी नको. मग ही पेनं सुरू झाली आणि चौथ्या महिन्यात चट्टे गेले. गेले म्हणजे गेलेच! मी अर्ध्या बाह्या शिवून घेतल्या. पोहायला लागले. आता शाळेच्या रिलेत चौघींमधली शेवटची फेरी माझी आहे, आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय. मी इतकी बडबडायला लागलेय, की बाई म्हणतात, "तू आधी बरी होतीस."

आणि पंधरा दिवसांपूर्वी डाव्या कोपरावर एक चट्टा परत आला. शर्टाच्या बटणाएवढा. मी कोणालाच सांगितलं नाही. वाटलं, औषधाला माझा कंटाळा आला. डॉक्टर म्हणालेच होते, काहींच्या बाबतीत कधीकधी त्याचा जोर कमी होतो.

आता ह्या पेनाचं सांगितलं तर नवं यायला किती दिवस लागणार कोण जाणे. तोवर बटणाची बशी होईल. आणि बाबांना कळेल, की औषध त्यांनीच गोठवलं. नाही सांगितलं तर वाया गेलेलं औषध अंगात घालायचं आणि बाहेर येऊन हसायचं. दाराच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला बाबा, आणि कडी माझ्याच हातात! तरी उठवेना.

"पंधरा मिनिटं!"

"बाबा, तुम्ही बसा ना जरा!"

"मी बसूनच आहे. दाराशी."

मी नळ मोठा सोडला आणि दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावला. पेन कसं टोचायचं हे आम्हाला त्यांनीच शिकवलंय.

"सिस्टर, माझ्या एका मैत्रिणीचं पेन गोठलं," मी कुजबुजले. "आता वितळलंय. अगदी स्वच्छ दिसतंय. तिने घेतलं तर?"

"नाही घ्यायचं. दिसतं आधीसारखंच, पण काम करेल ह्याचा भरवसा नाही. ते बाजूला ठेवायचं आणि मला कळवायचं. दुसरं मागवू. आठ-दहा दिवस लागतील."

"आठ-दहा?"

"हो. तुझी ही मैत्रीण पण पोहते का गं?"

मी नळ आणखी मोठा सोडला.

"बरं, तिला विचार," सिस्टर म्हणाल्या, "आधीचं पेनही गोठलं होतं का? कधीकधी लक्षात येत नाही. अंगावर काही परत आलंय का तिच्या?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागच्या महिन्यात खोकं आईने काढलं होतं. त्याचाही कोपरा फाटलेला होता! आई म्हणालीसुद्धा, "किती दमट झालंय हे." अर्धा तास आम्ही गप्पाच मारत बसलो, खिडकीत कोणी बघितलं नाही.

म्हणजे कदाचित औषधाला माझा कंटाळा आलाच नव्हता.

कदाचित. पण हे कळायचं तर सिस्टरना आणि डॉक्टरांना खरं सांगायला हवं, आणि त्याआधी दाराशी बसलेल्या माणसाला. आज मी दोनदा 'टक' केलं असतं, तर पुढच्या महिन्याचं पेनही त्याच भिंतीला चिकटलं असतं, आणि त्याच्या पुढचंही.

"ती मीच आहे, सिस्टर," मी म्हणाले. "कोपरावर आलाय एक."

"माहितीये गं राणी. सोमवारी ये, बघू."

नळ बंद केला. कडी काढली.

बाबा खरंच दाराशी जमिनीवर बसले होते. मोबाइल मांडीवर, सात मिनिटं बाकी. त्यांनी आधी माझ्या मांडीकडे बघितलं, मग पेनाकडे. टोपण तसंच होतं.

"घाबरलीस?"

"बाबा, हे गोठलं होतं."

"शक्यच नाही. दारात आठ दाखवतोय."

"दारात," मी म्हणाले. "आणि हे बघा." मी कोपर पुढे केलं.

ते उठले, फ्रिज उघडला, आणि मागच्या भिंतीवर तळहात ठेवला, लोकांकडे ठेवतात तसा. तिथे बर्फाचा पातळ थर होता आणि त्यात खोक्याचा फाटका कागद अडकला होता. तळहात त्यांनी बराच वेळ काढलाच नाही.

"अहो, हात गारठेल," आई म्हणाली.

"मी लोकांना सांगतो," बाबा म्हणाले, "आणि घरी मीच..."

"दहा दिवसांत नवं येतंय," मी घाईघाईने म्हणाले. "आणि औषध बहुतेक अजून चालतं माझ्यावर. बाबा, ही चांगली बातमी आहे! तोंड असं नका करू ना."

बाबांनी तापमापक दारातून काढून आतल्या फळीवर, मागे ठेवला, बटण फिरवलं आणि दार लावलं. मग हात मागे बांधून फ्रिजसमोर उभे राहिले.

"बघू का एकदा?" पाच मिनिटांनी त्यांनी मला विचारलं.

"नाही!" आई, ताई आणि मी एकदम ओरडलो.

ते हसले नाहीत, पण दारापासून दोन पावलं मागे सरकले. दहा वाजता गजर वाजला. तो कोणीच बंद करेना, म्हणून मीच केला, आणि सरावाला उशीर होत होता म्हणून अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून निघाले. कोपर झोंबत होतं. वाटेत दोनदा हात त्याच्यावर गेला, झाकायला. दोन्ही वेळा मी तो मुद्दाम खिशात घातला.