टाचण्यांची जागा

साहेब, माझ्या मावशीचं हसू तुम्ही पळवलंत.

पडद्याच्या चुण्या घालताना टाचण्या ओठांत धरायच्या, हा तुमच्या शिवणखात्याचा नियम. हात कापडावरून उचलला की वेळ जातो म्हणे. मावशीचे ओठ सुजले, कोपरे चिरले. हसली की रक्त. आणि हसत नाही ती मावशी कसली? तिचं हसू फुटलं की पलीकडचे कापड कापणारे काही न कळताच हसायचे. आता कुणी विनोद सांगायला लागलं की ती तोंड दाबून ओरडायची, "मेल्यांनो, गप्प बसा, फाटेल!"

आम्हीही काय कमी दिवे लावले? मी सुवासिक मलम आणलं, ते जास्तच झोंबलं. ती सारखी ओठांवरून जीभ फिरवायची, ओठ आणखी सुकायचे. तुम्ही म्हणालात, "या बायका पाणीच पीत नाहीत."

ती रजेवर गेली आणि ओठ बरे! कामावर आली, पुन्हा तेच. तेव्हा मी तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"तोंडात काही धरता का?"

"टाचण्या. आणि नवऱ्याला द्यायची उत्तरं."

बाई खुदकन हसल्या. टाचण्यांवर निकेलचा मुलामा असतो, काहींच्या कातडीला तो सोसत नाही, म्हणाल्या. टाचण्या बाहेर, जीभ आत आणि बिनवासाचं साधं मलम.

मावशीने चिंध्यांच्या चिमुकल्या उशा शिवल्या, मनगटाला बांधायच्या, सगळ्यांसाठी. टाचण्या तिथे टोचू लागलो. हळूहळू ओठ भरून आले. पण भीती जाईना. हसू आलं की हात तोंडावर.

मग काल तुम्ही आलात. "चिंध्या कारखान्याच्या आहेत!" म्हणत आमच्या उशा काढून घेतल्यात, टाचण्यांसकट मागच्या खिशात कोंबल्यात आणि रुबाबात माझ्या स्टुलावर बसलात.

बसलात कुठले! उडालात.

मावशी हसली. पोट धरून, तोंड उघडून, हात तोंडावर न्यायचं विसरून. मशिनी थांबल्या. मी धावत जाऊन तिचे ओठ पाहिले. चीर नाही, थेंबभर रक्त नाही.

"शाबूत आहेत का गं?"

"आहेत, मावशी!"

"मग साहेब, पुन्हा एकदा बसा ना!"

उशा अजून तुमच्याकडेच आहेत. टाचण्या नको त्या जागी गेल्या की काय होतं, ते आम्हाला कळायला फार वेळ लागला. तुम्हाला बसल्या जागी कळलं. तेव्हा आता बोला. उद्या त्या उशा आमच्या मनगटावर परत येणार की नाही?